डॅशबोर्डाच्या कप्प्यातून कवळी सोडविली त्याची हकीकत

पुढे कोणी पुसेल की, मोटारीतील ग्लोव्ह बॉक्स नामे कप्पा ऐसा बेलाग किल्ला कैसा जाहला, तो कोणी बांधिला आणि अखेर कोणाचे हातून पडला, त्यास उत्तर मागे राहावे म्हणोन ही हकीकत लिहिली असे. जे पाहिले ते लिहिले, जे ऐकिले ते तोलून लिहिले, आणि जे पाहिलेही नाही व ऐकिलेही नाही, तेथे मागील थोर लेखकांचा कित्ता गिरवून छातीठोक लिहिले. पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर शोभेपुरते. वाचणारांस मधेच हसू आले तर आवरावे, कारण मोहीम थोर आहे आणि तीत एका वृद्धाची अब्रू गुंतली होती.

प्रथम धन्याचे वर्णन. अखंडितपेचकसअलंकृत राजमान्य राजश्री दुरुस्तीबहाद्दर मास्तर हे शाळेत भूगोल शिकवीत. वारे कोठून कोठे वाहतात आणि नद्या कोठे जाऊन मिळतात, हे त्यांस मुखोद्गत. परंतु चित्त भूगोलात नव्हे, दुरुस्तीत. घरात काही मोडले की त्यांचे मुखावर तेज चढे, आणि काहीच न मोडले तर ते उदास होऊन एखादी धड वस्तू उघडून पाहत, आणि मग ती मोडे. येणेप्रमाणे त्यांनी बहुत मुलूख सर केला होता. मिक्सर जिंकिला, तो तेव्हापासून झाकण दाबून धरल्यावाचून फिरेना, आणि एकदा फिरू लागला की थांबेना. न्हाणीघराचा नळ जिंकिला, तो बादलीकडे वळविला असता पाणी वरच्या फवाऱ्यातून डोक्यावर येई. दाराची घंटा जिंकिली, ती पाहुणा आला असता मुकी राही आणि फ्रिज उघडला की वाजे. इतकी कीर्ती होऊन मास्तरांस गर्व नाही. "त्यात काय आहे?" इतकेच नम्रपणे म्हणत, आणि हे शब्द कानी पडताच घरचे लोक आपापल्या वस्तू उचलून दुसऱ्या खोलीत जात.

मास्तरांचे कुटुंब, सर्वाधिकारी बाईसाहेब, या रुग्णालयात एक्स-रे काढीत. माणूस बाहेरून धड दिसला तरी आत काय मोडले आहे ते जाणण्याची त्यांस सवय. नवऱ्यास त्यांनी लग्नाचे पहिल्याच वर्षी ओळखिले होते. परंतु दुरुस्त करावयास गेल्या नाहीत, हा त्यांचा सुज्ञपणा.

बाईसाहेबांचे तीर्थरूप, थोरले बाबा, लेकीजवळ राहत. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त. ज्या काळी एका गावचा फोन दुसऱ्या गावास जोडून देण्यास मधे माणूस लागे, त्या काळी हे ते मधले माणूस होते. आवाज मऊ, स्वच्छ, कधी चढलेला नाही. भांडणाऱ्या माणसानेही तो ऐकावा आणि "माफ करा" म्हणून हळूच फोन ठेवावा. परंतु पत्नी गेल्यापासून तो आवाज म्यानात पडून राहिला. जेवायला चला म्हटले की "हं", औषध घेतले का म्हटले की "हं", ऐसा सारा कारभार एका हुंकारावर चाले, आणि लेक ते पाहून मनात झुरे, परंतु बोले नाही.

ऐशात एके दिवशी दैवाने कूस बदलली आणि घरी एक फोन आला. पलीकडे एक बाई होत्या, वाचनालयातून निवृत्त जाहलेल्या ग्रंथपाल. घरात पाईप फुटून पाणी झाले होते, आणि प्लंबरास लावावयाचा नंबर घाईने चुकून इकडे लागला. दुसरा कोणी असता तर "राँग नंबर" म्हणोन आपटून ठेविता. परंतु थोरले बाबा जुन्या सवयीने म्हणाले, "नंबर चुकलाय, पण घाबरू नका. पाण्याच्या टाकीखालचा मोठा नळ आधी बंद करा." मग दुसरे दिवशी बाईंनी पाणी थांबल्याचे कळविण्यास फोन केला, आणि मग प्लंबर येऊन गेल्याचे कळविण्यास केला, आणि मग कळविण्यास काही न उरले तरी केला. बंद दाराआडून थोरल्या बाबांचे हसणे ऐकू येऊ लागले. बाईसाहेबांस मसलत कळली तेव्हा त्या एकच फळी पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या; मग फडके पिळून म्हणाल्या, "बाबा, भेटायला जाल तेव्हा निळा शर्ट घाला. तो तुम्हाला शोभतो." हीच संमती समजावी.

भेट ठरली. शहराचे दुसरे टोकास एक काचेचे मोठे हॉटेल, तेथे रविवारी दुपारी जेवावे, आणि इतके दिवस केवळ आवाजाने ओळखीचे जाहलेले दोघे समोरासमोर यावे, ऐसा बेत. थोरले बाबा आठवडाभर आरशासमोर उभे राहून एक वाक्य घोकीत होते. ते कोणते, हे त्यांनी कोणास सांगितले नाही. जुनी कवळी तडकली होती, म्हणोन प्रसंगासाठी त्यांनी नवीही करून घेतली होती; ती दिसण्यास मोत्यांची, परंतु हिरडीस काचे, सबब डबीत घालून न्यावी आणि हॉटेलचे दाराशी पोहोचल्यावर मुखी चढवावी, ऐसे ठरले.

आता किल्ल्याचे मूळ. मोटारीत पुढच्या आसनासमोर जो झाकणाचा कप्पा, त्याची कडी मोडली होती, आणि गतिरोधक आला की झाकण खाली पडून बसणाऱ्याचे गुडघ्यावर आदळे. बाईसाहेबांनी हुकूम केला की, गाडी गॅरेजला न्यावी. मास्तर म्हणाले, "त्यात काय आहे?" आणि नेमके त्याच रविवारी सकाळी, लोक चहा घेत असता, ते हत्यारे घेऊन उतरले. कडीस चटकन चिकटणारा डिंक लाविला, तो थोडका असावा तो उदंड लाविला. बारीक स्क्रू होते ते काढून लांब स्क्रू मारिले, आणि मारिता मारिता त्यांची डोकी झिजून गुळगुळीत जाहली, तेव्हा मास्तर म्हणाले की, उत्तम, आता चोरासही निघणार नाहीत. मग मजबुती पुरती असावी म्हणोन शाळेतील फूटपट्टी मोडून आतून आडवी ठोकिली. मोठमोठ्या किल्लेदारांनी जी खबरदारी घेतली नसेल, ती मास्तरांनी एका कप्प्यासाठी घेतली.

शुभ वेळ पाहून स्वारी निघाली. मास्तर चाकावर, थोरले बाबा निळा शर्ट घालून शेजारी, बाईसाहेब मागे. थोरल्या बाबांनी कवळीची डबी दोन्ही हातांत धरिली होती. एका सिग्नलाशी गाडी थांबली तो मास्तरांस आपली कर्तबगारी दाखविण्याची लहर आली, आणि म्हणाले, "बाबा, हातात कशाला धरलीय? द्या इकडे." मग डबी घेऊन कप्प्यात ठेविली आणि झाकण लाविले. खट् ऐसा खणखणीत आवाज जाहला.

"ऐकलंत?" मास्तर म्हणाले. "कंपनीचा पण असा आवाज नव्हता."

मागून बाईसाहेब म्हणाल्या, "उघडून बघितलंत का पण?"

"बंद होतंय म्हणजे उघडणारच की. त्यात काय आहे?"

बाईसाहेब खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांस एक्स-रेवाचून दिसले.

हॉटेलचे आवारात गाडी लागली. ठरल्याहून बरेच लवकर आले होते, कारण थोरल्या बाबांस घरी धीर निघेना. मास्तरांनी मिशीवरून हात फिरवून कप्प्याची कडी ओढिली, तो कप्पा जागचा हलेना. पुन्हा ओढिली, तो हलेना. मग पाय टेकून, दम धरून, सर्व बळ एकवटून ओढिली, तो कडी तुटून हाती आली आणि मास्तर मागचे मागे जाऊन आसनाखाली गडप जाहले. किल्ला जेथे होता तेथेच, आता त्यास दरवाजा म्हणावयासही काही उरले नाही.

थोरले बाबा मास्तरांचे हातातील कडीकडे पाहत राहिले. मग त्यांनी काही म्हटले, परंतु कवळी किल्ल्यात, आणि तिजबरोबर द आणि स हे दोन मातबर सरदारही आत कैद, सबब बोलणे ऐसे उमटले: "अफू हे. जाऊ हे."

मास्तर घाबरून म्हणाले, "अगं, बाबा अफू मागतायत!"

"असू दे म्हणतायत हो," बाईसाहेब म्हणाल्या. "आणि असू बिसू द्यायचं काही नाही. आधी ते उघडा."

इतक्यात थोरल्या बाबांचे मोबाईलवर ग्रंथपालबाईंचा संदेश आला की, मी लवकरच आले, खिडकीजवळच्या टेबलाशी बसले आहे, सावकाश या. फोन न करिता संदेश केला हे नवल, परंतु थोरल्या बाबांस ते पथ्यावर पडले. बोलावयाचे संकट टळले. त्यांनी उलट लिहिले की, पार्किंगला जागा शोधत आहोत. आजन्म जो मनुष्य खोटे बोलला नाही तो या कप्प्यापायी खोटे लिहिता जाहला. लढाईत नीती सुटते ती ऐशी.

मग वेढा पडला. हत्यारे घरी राहिली होती, कारण काम पुरते जाहले ऐसा मास्तरांचा भरवसा. तेव्हा हाती लागेल ते शस्त्र. बाईसाहेबांचे केसातील पिन घेऊन झाकणाचे फटीत घातली, ती वाकली. नखे कापण्याचे यंत्र घातले, ते अडकून बसले, आणि आता दोन वस्तू सोडविणे प्राप्त जाहले. मग मास्तरांनी मोबाईलवर व्हिडिओ लाविला. त्यात एक दाढीवाला उस्ताद, परदेशी भाषेत, भलत्याच गाडीचा कप्पा दोन बोटांनी उघडून हसत होता. मास्तरांनी तो तीन वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी "असंच करायचंय" म्हणाले, आणि प्रत्येक वेळी त्या उस्तादाचा कप्पा उघडला.

आवाराचे एक पहारेकरी, ज्यांचे हाती लाल दिव्याचा दांडा आणि अंगी वेळ उदंड, ते चालून आले आणि मसलतीत बसले.

"साहेब, असल्या गोष्टी ताकदीनं होत नाहीत," ते म्हणाले. "एक ठोसा द्यावा लागतो. पण जागा माहीत पाहिजे."

"तुम्हाला माहितीये?"

"माझ्या मेव्हण्याच्या गाडीची माहितीये."

मास्तरांस हेही पुष्कळ वाटले. पहारेकऱ्यांनी डोळे मिटून, हात उगारून, मेव्हण्याचे गाडीचे स्मरण करून ठोसा दिला, तो वायपर सुरू जाहले. कोरड्या काचेवर ते करकरत इकडून तिकडे जाऊ लागले आणि बंद होईनात. पहारेकरी म्हणाले की, मेव्हण्याच्या गाडीत असे होत नाही, आणि चार पावले मागे सरून निरीक्षणाची जोखीम पत्करिली.

बाईसाहेबांनी या समयी गॅरेजवाल्यास फोन केला. त्याने रविवार असोनही उचलिला आणि सर्व ऐकून एकच सवाल केला की, आधी हात कोणी लावलाय. बाईसाहेब म्हणाल्या, "घरच्यांनीच."  मग उत्तर आले की, संध्याकाळी घेऊन या, फोडावाच लागेल.

संध्याकाळ म्हणजे भेट बुडाली. हे ऐकून थोरले बाबा मोटारीतून उतरले आणि आवाराचे कडेस सिमेंटचा कठडा होता त्यावर जाऊन बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरिला, मग काढिला, मग त्याची घडी घातली, मग उलगडून पुन्हा घातली. बाईसाहेब जवळ जाऊन बसल्या.

"घरी जाऊ," थोरले बाबा म्हणाले. या दोन शब्दांत द नाही आणि स नाही, सबब ते अगदी स्पष्ट उमटले, आणि म्हणोनच अधिक लागले.

"नाही जायचं."

थोरल्या बाबांनी काही सांगितले, त्याचा मतलब हा की, तिला माझा आवाज आवडला, दुसरे माझ्यापाशी आहे काय. आणि आज तोच नाही. बोळक्या तोंडाने समोर जाऊन बसावे त्यापेक्षा फोनवरच बरे होते. आणि या वयात हा उद्योग करू नये असे देवच सांगतो आहे.

"देव नाही, तुमचा जावई सांगतोय," बाईसाहेब म्हणाल्या. "आणि त्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. तुम्ही पण ऐकू नका." मग त्यांनी बापाचे हातातून रुमाल घेऊन स्वतःचे डोळे पुसले आणि त्यास परत दिला.

मास्तर मोटारीचे उघड्या दारातून हे पाहत होते. इतिहासात ऐसा क्षण थोरामोठ्यांवरही येतो की, आपण बांधिला तो बुरूज आपल्याच माणसांवर पडतो, आणि तेव्हा डोळे उघडतात. मास्तरांचे उघडले. ते कठड्यापाशी आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाबा, माझ्यामुळे झालं हे. गॅरेजला टाकायला पाहिजे होती." बाईसाहेबांनी चमकून वर पाहिले, कारण इतक्या वर्षांच्या संसारात "गॅरेज" हा शब्द मास्तरांचे मुखातून आपण होऊन प्रथमच आला होता. "फोडतो मी तो," मास्तर म्हणाले. "माझाच आहे, मीच फोडतो."

मग डिकीतून जॅकचा लोखंडी दांडा काढिला आणि निर्वाणीचा हल्ला केला. खालचे अंगाने शिरावे आणि आतून फूटपट्टी उखडावी, ऐसा डाव. मास्तर पाठीवर निजून डॅशबोर्डाखाली सरपटत गेले. डोके आत, पाय बाहेर, एक चप्पल आवारात. आत अंधार, तारांचे जाळे, आणि त्यापलीकडे आपलीच फूटपट्टी, तिजवरील इंचांच्या खुणांसह, दुष्मनाची म्हणावी ऐसी घट्ट बसलेली. मास्तरांनी दांडा खुपसून नेट लाविला. फूटपट्टी करकरली, किंचित हलली, आणि मास्तरांस जोर चढून त्यांनी दुसरा नेट लाविला तो तारांस लागला, आणि मोटारीचा कर्णा वाजू लागला.

तो कर्णा काय सांगावा! एकसारखा, न थांबता, आवार दणाणून सोडिले. पहारेकऱ्यांनी दोन्ही कानांत बोटे घातली. बाईसाहेब बॉनेट उघडावयास धावल्या, तो तेही उघडेना. झाडावरील कावळे उठले. हॉटेलचे काचेआड एकेक टेबल उठून खिडकीशी आले, वाढपी ताटे घेऊन जागीच उभे राहिले, आणि त्या गर्दीत निळसर साडी नेसलेल्या, पांढऱ्या केसांच्या, ताठ मानेच्या एक बाई उभ्या राहून सगळे पाहतात तिकडे पाहू लागल्या. आणि त्यांस कठड्यावर बसलेले एक गृहस्थ दिसले, निळा शर्ट घातलेले, हाती रुमाल धरिलेले. कोणता शर्ट घालून येणार हे त्यांस आधीच कळविले होते.

मग खुद्द ग्रंथपालबाईंची स्वारी छावणीवर चालून आली. आवारातील झाडून सारी माणसे कान झाकून वाकली असता, त्या मात्र बागेत फिरावयास निघाल्यासारख्या, कपाळी आठी नाही, चालीत घाई नाही, ऐशा सरळ आल्या. शत्रूचे कर्णे वाजत असता ऐसे धैर्य मोठमोठ्या सेनापतींच्या अंगी नसते, हे पाहून पहारेकरी सर्द जाहले.

थोरले बाबा उठून उभे राहिले. रुमाल तोंडावर गेला. बाई समोर येऊन थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "तुम्हीच ना?"

थोरल्या बाबांनी मान हलविली.

"काय झालं?"

मास्तर डॅशबोर्डाखालून ओरडून कडी, डिंक आणि दैव यांविषयी खुलासा करू लागले, तो कर्ण्यात बुडाला. बाईसाहेबांनी पुढे होऊन सांगावे, इतक्यात थोरल्या बाबांनी लेकीस हाताने थांबविले. त्यांनी मनाशी विचार केला की, जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता स्वतःचे बोलावयाची वेळ आली ती दुसऱ्याचे तोंडून बोलावी की काय. जे जावयाचे ते जावो. मग त्यांनी रुमाल खाली केला, मोकळे तोंड उघडले, आणि खरे ते सांगितले की, माझे दात आत अडकलेत. परंतु द कैदेत होता, म्हणोन शब्द निघाले ते "माझे हात आत अडकलेत" ऐसे.

ग्रंथपालबाईंनी त्यांचे ओठांकडे निरखून पाहिले, मग त्यांचे हातांकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "आहेत की दोन्ही."

थोरल्या बाबांनीही आपले हात पाहिले. मग ते हसले, दातांवाचून, अगदी मोकळे. आणि बाईही हसल्या, आणि कर्णा वाजतच होता.

"उन्हात कशाला उभं राहायचं?" बाई म्हणाल्या. "गाडीत बसू या जरा. तुम्ही घाबरलेले दिसता." ऐसे म्हणोन त्या मोटारीकडे गेल्या, मास्तरांचे पाय दिसत होते त्यांस "जरा बाजूला" म्हणाल्या, आणि मास्तर सरपटत बाहेर येताच पुढच्या आसनावर बसल्या. मग दार लाविले. ते दार त्यांनी ऐसे आपटिले की, मोटार चाकांवर हिंदकळली, पहारेकऱ्यांचे हातचा दांडा पडला, आणि मास्तरांस वाटले की भूकंप, ज्याविषयी ते नववीच्या वर्गास शिकवीत.

आणि किल्ला पडला.

फूटपट्टी सुटली, झाकण धाडकन खाली आले, नखे कापण्याचे यंत्र उडून मागे गेले, कर्णा उचकी लागल्यासारखा दोनदा वाजून थांबला, वायपर काचेचे मध्यावर जागच्या जागी राहिले, आणि निळी डबी घरंगळत येऊन ग्रंथपालबाईंचे मांडीवर पडली व उघडली. आत नवी कवळी, मोत्यांची, बाईंकडे पाहून हसत होती.

आवारात ऐसी शांतता पसरली की, खिडकीशी उभे राहिलेले लोक आपापल्या टेबलाशी जावयाचे विसरले.  बाईंनी डबीत पाहिले, थोरल्या बाबांकडे पाहिले, पुन्हा डबीत पाहिले, आणि सर्व उलगडा होऊन, अत्यंत अदबीने, जैसे वाचनालयात कोणाचे विसरलेले पुस्तक परत द्यावे तैसी ती डबी मिटून त्यांचे हाती दिली आणि मान दुसरीकडे वळविली.

थोरल्या बाबांनी पाठ फिरवून कवळी चढविली. हिरडीस काचली, परंतु जखमांची पर्वा वीर करीत नाहीत. मग मोटारीचे खिडकीशी वाकून, आठवडाभर घोकलेले ते वाक्य, त्या मऊ, स्वच्छ, कधी न चढलेल्या आवाजात बोलले:

"जन्मभर मी लोकांचे नंबर जोडून दिले. मला स्वतःला एकच लागला, तोही चुकून."

बाईसाहेबांनी मास्तरांचा हात धरिला. पहारेकऱ्यांनी टोपी काढिली. द आणि स दोघेही आपापल्या जागी, एक अक्षर इकडेतिकडे नाही.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काय म्हणालात?"

थोरल्या बाबांनी वाक्य पुन्हा म्हटले.

"जरा मोठ्यानं." मग त्यांचा चेहरा पडला, आणि पदराशी चाळा करीत त्या म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही हो नीट. कानाचं यंत्र आहे, त्याच्यावरच फोन ऐकते. पण कानामागे ते दिसतं सगळं. म्हटलं पहिल्याच भेटीत कशाला? म्हणून घरी ठेवून आले. सून सांगत होती, घालून जा, घालून जा. मी तिचं ऐकलं नाही."

हे कानी पडताच मास्तर मोटारीस टेकून मटकन खाली बसले. कर्णा वाजत असता बाई ऐशा निर्भय कैशा आल्या, दार ऐसे का आपटिले, आणि फोन न करिता संदेश का केला, हे सर्व एकदम ध्यानी आले. ज्या आवाजासाठी पिन वाकली, कडी तुटली, कावळे उठले आणि मास्तरांनी "गॅरेज" म्हटले, तो आवाज दातांसह आला असता काय आणि दातांवाचून आला असता काय, ऐकणाऱ्या कानास सारखाच होता.

 थोरल्या बाबांनी इकडे लेकीकडे पाहिले, तिकडे काचेआडच्या लोकांकडे पाहिले, शर्ट खाली ओढून नीट केला, आणि आयुष्यात जे कधी केले नव्हते ते केले. छाती भरून घेतली आणि ओरडले:

"जन्मभर लोकांचे नंबर जोडून दिले! मला एकच लागला! तोही चुकून!"

सारे आवार थरारले. वाढप्याचे हातचा चमचा पडला. ग्रंथपालबाईंनी वाक्य पुरते ऐकिले. ज्यांनी उभी हयात लोकांस "हळू बोला" म्हणण्यात घालविली होती, त्या खिडकीतून मान बाहेर काढून तितक्याच मोठ्याने ओरडल्या:

"मग आता ठेवू नका!"

काचेआड कोणी टाळी वाजविली, मग सगळ्यांनी वाजविली. बाईसाहेब हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि मास्तर विचारीत होते की, ठेवू नका म्हणजे काय ठेवू नका, कप्पा उघडाच ठेवू की काय. त्यांस बाईसाहेबांनी उगे राहण्याचा हुकूम केला. मग चौघे जेवावयास आत गेले. त्या दोघांचे एकांतीचे बोलणे पुढे सूप येईपासून बडीशेप येईपर्यंत चालले, आणि ते हॉटेलातील झाडून सर्व टेबलांनी ऐकिले.

मग तह जाहला. बाईसाहेबांनी कलमे सांगितली ती ऐशी की, मास्तरांनी मोटारीस हात लावू नये. मिक्सर, नळ आणि घंटा यांचा जिंकिलेला मुलूख जाणत्या कारागिरांस सोडून द्यावा. आणि पेचकस कपाटात कुलपाआड राहावा, किल्ली बाईसाहेबांपाशी. मास्तरांनी सर्व कलमे मान्य केली. इतकेच पुसले की, कपाटाचे कुलूप अंमळ अडकते, ते पाहू काय. त्यावर नकार आला.

बाकी राहिला विजय कोणाचा हा प्रश्न. पहारेकरी सांगत की, ठोशाने किल्ला आधीच खिळखिळा केला होता, मेव्हणा साक्षीस आहे. मास्तर सांगत की, फूटपट्टी निम्मी उखडून ठेविली होती, एका धक्क्याचेच काम उरले होते. बाईसाहेबांनी या विषयावर बोलण्याचे नाकारिले. शेवटी, दार ज्यांनी आपटिले त्या खुद्द ग्रंथपालबाईंस अदबीने पुसले, तो त्यांस प्रश्न ऐकू गेला नाही. सबब किल्ला फत्ते केल्याची नोंद राजश्री दुरुस्तीबहाद्दर मास्तर यांचे नावे कायम केली असे.